संध्याकाळच्या दिव्याचा हिशेब

विजेचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे वक्त्याच्या तोंडी प्रथम येतात ती धरणे, धुराडी आणि जनित्रे. ८ फेब्रुवारी १९१५ रोजी खोपोलीचे टाटांचे वीजगृह सुरू झाले आणि घाटावरच्या पाण्याने मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. १९६२ साली कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून उतरून वीज देऊ लागले. या कर्तबगारीचा अभिमान आपणां सर्वांना आहे, आणि तो असावाही. परंतु हा इतिहास अर्धाच आहे. तारेचे एक टोक जसे वीजगृहात असते, तसे दुसरे टोक आपल्या माजघरात असते. आणि त्या दुसऱ्या टोकाला काय घडत गेले हे सहसा कोणी सांगत नाही. आज आम्हांला तेच सांगावयाचे आहे.

प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही दिसावयास साधे आहेत. घरातली उपकरणे कमी विजेत तेवढेच काम करू लागली, तर देशाला वीज कमी लागते काय? आणि वीज कमी लागली, तर ती खात्रीने मिळते काय? कोणालाही विचारा, तो दोन्ही प्रश्नांना 'होय, त्यात काय विचारायचे?' असे उत्तर देईल. इतिहास मात्र इतक्या लवकर होय म्हणत नाही.

आरंभी एक भेद ध्यानात ठेवावा. खोलीतून उठून जाताना आपण दिवा मालवतो, ती काटकसर. दिवा मालवायचा नाही, उजेडही कमी करायचा नाही, परंतु तोच उजेड चौथाई विजेत मिळवायचा, ही कार्यक्षमता. पहिली गोष्ट आपल्या आज्यांनी आपल्याला शिकविली; दुसरी कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत जन्मली. या इतिहासात दोघींच्या वाटा वारंवार एकमेकींना मिळतात.

हजार ताटांचा प्रश्न

एडिसनने ४ सप्टेंबर १८८२ रोजी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज देण्यास प्रारंभ केला, तेव्हा ती मुख्यतः दिव्यांसाठी होती. त्यामुळे पहिल्या दिवसापासून या धंद्याला एक दुखणे जडले. अंधार पडला की सगळ्यांचे दिवे एकदम लागत, आणि रात्री लोक निजले की एकदम विझत. उरलेला सारा वेळ यंत्रे बसून राहत.

या दुखण्याची नाडी अचूक ओळखली ती जॉन हॉपकिन्सन या इंग्रज इंजिनियराने. १८९२ मध्ये दिलेल्या एका व्याख्यानात त्याने दाखवून दिले की विजेच्या खर्चाचे दोन वेगळे भाग असतात. एक, प्रत्यक्ष वीज निर्माण करण्याचा, म्हणजे कोळशाचा. दुसरा, ग्राहकाने केव्हाही बटण दाबले तरी वीज हजर असावी म्हणून यंत्रे आणि तारा सज्ज ठेवण्याचा. हा दुसरा भाग गिऱ्हाइकाने एकंदर किती वीज वापरली यावर ठरत नाही. सर्वांनी मिळून एकाच वेळी जास्तीत जास्त किती मागितली यावर ठरतो.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. एखाद्या गावात वर्षातून चारच दिवस हजार पानांची पंगत उठते आणि एरवी रोज पन्नास माणसे जेवतात. त्या चार दिवसांसाठी हजार ताटे विकत घेऊन ठेवावी लागली, तर त्यांचा खर्च रोजच्या पन्नास जणांच्या जेवणावरच बसणार. पंगत दोन वेळा बसविली, तर पाचशे ताटांत भागते. शहाणे यजमान तेच करतात. विजेची गोष्ट याहून अवघड, कारण ती धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही. आज मोठ्या बॅटऱ्या आल्या आहेत, तरी बहुतांश वीज ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी खर्चावी लागते. मागणी निर्मितीच्या पुढे गेली की सगळ्या जाळ्याची लय मंदावते. आपल्याकडे ती सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते. ती फार घसरली तर यंत्रांना अपाय होतो आणि एकामागून एक केंद्रे बंद पडण्याचे भय असते. ते टाळण्यासाठी कोणाची तरी वीज तोडावीच लागते.

तात्पर्य असे की, भिंतीवरचा मीटर किती वीज वापरली ते सांगतो, पण ती केव्हा वापरली हे भिंतीवरचे घड्याळ सांगते. बिल मीटरवरून येते; अंधार मात्र घड्याळावरून येतो. पुढील सर्व विवेचनाची ही किल्ली आहे.

नव्या दिव्याची धास्ती

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टंगस्टन धातूच्या तारेचा दिवा बाजारात आला. १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज याने टंगस्टनची मजबूत तार ओढण्याची युक्ती साधली आणि जुन्या कोळशाच्या तारेच्या दिव्याचे दिवस भरले. नवा दिवा तेवढाच उजेड सुमारे एक-तृतीयांश विजेत देई. ग्राहकाला आनंद झाला. वीज कंपन्यांच्या पोटात मात्र गोळा आला. दिवा हेच ज्यांचे मुख्य गिऱ्हाईक, त्यांची विक्री तिसऱ्या हिश्शावर आली तर धंदा बुडालाच की!

झाले मात्र उलटे. दिव्याचा खर्च उतरला, तेव्हा ज्यांना वीज परवडत नव्हती अशा साध्या घरांनीही ती घेतली. ज्यांच्याकडे होती त्यांनी एका खोलीऐवजी चार खोल्यांत दिवे लावले. शिकागोचा वीज-उद्योजक सॅम्युएल इन्सल याने हॉपकिन्सनचा धडा इंग्लंडातून आधीच उचलला होता. त्याच्या कंपनीने विजेच्या इस्त्र्या घरोघर वापरून पाहण्यास दिल्या, म्हणजे दिवसा बसून असलेल्या यंत्रांना काम मिळावे. एकंदर विजेची खपत घटली नाही, वाढतच गेली.

हा चमत्कार अर्थशास्त्रज्ञांना अपरिचित नव्हता. विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स याने १८६५ सालीच कोळशावरील आपल्या ग्रंथात लिहून ठेविले होते की, वाफेची इंजिने कमी कोळशात जास्त काम करू लागल्याने इंग्लंडचा कोळसा वाचला नाही, उलट अधिक खपला. कारण स्वस्त झालेले काम दसपटीने मागितले गेले. तेव्हा आमच्या पहिल्या प्रश्नाला इतिहासाचे पहिले उत्तर असे आहे: कार्यक्षमता मोकळी सोडली, तर ती वीज वाचवीलच असे नाही, ती विजेचा उपभोग वाढवील. आणि यात सर्वस्वी वाईट असे काही नाही. गरिबाच्या घरी दिवा लागणे ही उधळपट्टी नव्हे.

मग कार्यक्षमतेने वीज कधी वाचतच नाही काय? वाचते, आणि त्याचे उदाहरण कॅलिफोर्नियातील रेफ्रिजरेटरचे आहे. १९७० च्या आसपास अमेरिकेत विकला जाणारा नवा रेफ्रिजरेटर वर्षाकाठी सुमारे १,८०० युनिट खाई. आर्थर रोझेनफेल्ड हा मूळचा कणभौतिकशास्त्रज्ञ. १९७३ च्या तेलसंकटानंतर तो या घरगुती पेटीकडे वळला, आणि पेट्या चांगल्या बांधल्या तर एक प्रस्तावित अणुवीज केंद्र उभारण्याचे कारणच उरणार नाही, हे त्याने राज्यकर्त्यांना आकडे मांडून दाखविले. कॅलिफोर्नियाने कायद्याने किमान कार्यक्षमता ठरवून दिली. पुढे सबंध देशाने ती स्वीकारली. २००१ च्या सुमारास नवा रेफ्रिजरेटर आकाराने मोठा असूनही पूर्वीच्या एक-तृतीयांशाहून कमी वीज घेऊ लागला. येथे मागणी उसळली नाही, कारण विजेचे बिल कमी आले म्हणून कोणी स्वयंपाकघरात तीन रेफ्रिजरेटर ठेवीत नाही. ज्या गरजेचे पोट भरलेले असते तेथे कार्यक्षमता वीज वाचविते. जी गरज अजून उपाशी असते तेथे ती तिला जेवू घालते.

ब्राझीलने काय केले

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. वाचविलेली वीज खात्रीची वीज होते काय? याची सर्वांत मोठी परीक्षा २००१ साली ब्राझीलमध्ये झाली.

तो देश तेव्हा जवळजवळ सर्वस्वी पाण्याच्या विजेवर जगत होता. पाऊस ओढून धरला गेला, नवी केंद्रे वेळेवर झाली नव्हती, आणि पावसाळा सरताना आग्नेय व ईशान्य भागांतील जलाशय सुमारे एक-तृतीयांशच भरलेले होते. सरकारपुढे दोन वाटा होत्या. एक, वस्त्या वाटून घेऊन पाळीपाळीने अंधार करणे. दुसरी, प्रत्येक घराला आकडा देऊन 'यात भागवा' म्हणणे. त्यांनी दुसरी वाट धरली. १ जून २००१ पासून घरगुती ग्राहकांनी आदल्या वर्षीच्या मानाने वापर २० टक्के कमी करावा असे ठरले. मर्यादा ओलांडणाऱ्याला जादा दर आणि वीज तोडण्याची तंबी. खाली राहणाऱ्याला बक्षीस. महिना १०० युनिटांच्या आत वापरणाऱ्या गरीब घरांवर कपातीची सक्ती नव्हती.

लोकांनी तापणारे पिवळे दिवे काढून कमी विजेचे दिवे लावले, दुसरा फ्रीजर बंद केला, अंघोळीचे गरम पाणी आखडते घेतले. फेब्रुवारी २००२ अखेर निर्बंध उठले, तोवर पाळीपाळीच्या अंधाराची वेळ आली नाही. याहून लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट पुढची आहे: निर्बंध उठल्यावरही घरांचा सरासरी वापर अनेक वर्षे पूर्वपदावर आला नाही. काटकसर संकटाबरोबर सुटते. बदललेला दिवा आणि बदललेली सवय मात्र घरातच राहते.

तथापि या कथेला कडू शेपूट आहे, तेही सांगितले पाहिजे. वीज कमी विकली गेल्याने कंपन्यांचे उत्पन्न बुडाले, आणि भरपाई म्हणून त्यांना दर वाढवून देण्यात आले. ज्यांनी सांगितल्याप्रमाणे वीज वाचविली, त्यांनाच ती महाग पडली! हॉपकिन्सनचा दुसरा खर्च, म्हणजे ताटांचा खर्च, असा कोठे तरी वसूल होतोच.

आमच्याकडचा अंधार

त्याच दशकात आपल्या महाराष्ट्रात काय चालले होते, हे आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल. २००५ च्या जूनमध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले, आणि त्याच सुमारास मागणी व पुरवठा यांतील दरी काही हजार मेगावॅटवर गेली. 'भारनियमन' हा शब्द शाळेतल्या पोराच्या तोंडी बसला. मुंबई त्यातून सुटली होती. ग्रामीण भागांत काही ठिकाणी दिवसाचे बारा बारा तास वीज नसे. पिठाची गिरणी, पाण्याची टाकी, मुलांचा अभ्यास, विहिरीवरची मोटर, सगळ्यांचे वेळापत्रक वीज जाण्यायेण्यावर लागले. आमच्या परिचयाच्या एका घरी कंदील माळ्यावरून पुन्हा खाली आला होता, आणि दहावीतल्या मुलीला तो पुसता येत नव्हता, कारण तिने तो पूर्वी पाहिलाच नव्हता.

त्या काळात महावितरणने गावांपुढे एक सौदा मांडला. तिचे नाव अक्षय प्रकाश योजना. संध्याकाळच्या पाच-सहा तासांत गावाने शेतीपंप, गिरण्या, शेगड्या, हीटर अशी जड उपकरणे स्वखुशीने बंद ठेवावयाची. दिवे, पंखे, दूरदर्शन तेवढे चालवावयाचे. गावच्या फीडरवरचा भार ठरलेल्या मर्यादेत राहिला, तर त्या वेळेत वीज तोडली जाणार नाही. मर्यादा ओलांडली, तर पुन्हा सगळ्यांनाच अंधार.

या सौद्यातील मर्म पाहा. गावाने दिवसभरात एकंदर वीज कमी वापरावी असा आग्रह त्यात नव्हता. पंप रात्री उशिरा चालले तर कोणाची तक्रार नव्हती. मागणे घड्याळाचे होते. आणि लाभ असा होता की एकट्याला तो घेता येत नसे. एकाने चोरून पंप लावला, तर त्याचा ऊस भिजे आणि शेजाऱ्याच्या पोराचा अभ्यास बुडे. म्हणून वायरमनने सांगण्यापेक्षा गावाने गावाला सांगणे अधिक परिणामकारक ठरले. जेथे गावात एकी होती तेथे योजना चालली. जेथे दुफळी होती तेथे ती पंपाबरोबर वाहून गेली. पुढे गावठाणाचा फीडर आणि शेतीचा फीडर वेगळे करण्याचे काम हाती घेण्यात आले, तेव्हा माणसांच्या शब्दावर सोपविलेले काम तारांवर सोपविले गेले. ते अधिक पक्के झाले हे खरे. परंतु माणसांनी शब्द पाळून उजेड टिकविला होता, हे विसरता कामा नये.

शहरांत वाट वेगळी निघाली. पुण्यात २००६ मध्ये उद्योगांनी आपली स्वतःची जनित्रे चालवून शहराचा भार हलका केला, आणि त्या महागड्या विजेचा बोजा अधिक वापर असलेल्या ग्राहकांवर जादा आकार म्हणून बसला. म्हणजे खेड्याने वीज आवरून उजेड मिळविला, तर शहराने पैसे मोजून. कोणता मार्ग श्रेष्ठ, ते श्रोत्यांनी ठरवावे.

दिव्याचा हिशेब आकड्यांत मांडू. एका शहरात एक लाख घरे आहेत आणि संध्याकाळी साडेसातला प्रत्येकात ६० वॉटचे दोन दिवे जळतात असे धरा. ते १२ मेगावॅट झाले. त्या जागी ९ वॉटचे एलईडी दिवे लावले, तर भार २ मेगावॅटच्याही आत येतो, आणि उजेड तोच राहतो. वाचलेले १० मेगावॅट नेमके त्या घटकेचे आहेत जेव्हा ताटे कमी पडतात. शिवाय तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. प्रवाह निम्मा झाला तर गळती चौथाईवर येते. म्हणून गर्दीच्या घटकेला घरात वाचलेले एक युनिट वीजगृहाशी एकाहून अधिक भरते.

हे ओळखून देशात क्रमाक्रमाने प्रयत्न झाले. २००९ च्या बचत लॅम्प योजनेत सीएफएल दिवा १५ रुपयांत देऊ केला गेला. २०१५ पासून एलईडी दिव्यांची उजाला योजना आली. मोठ्या एकत्रित खरेदीमुळे एका एलईडी दिव्याची सरकारी खरेदीची किंमत २०१४ च्या आरंभी ३१० रुपये होती, ती २०१६ मध्ये ३८ रुपयांवर उतरली, आणि योजनेखाली ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. महाराष्ट्रातील भारनियमन मुख्यतः या दिव्यांमुळे हटले असे मात्र आम्ही म्हणणार नाही. ते हटले ते मुख्यतः नवी वीज मिळाल्याने. दिव्यांनी नव्या विजेवरचा ताण हलका केला, एवढेच श्रेय त्यांना दिले तर हिशेब खरा राहील.

घरातले दिवे एकत्र आले म्हणजे केवढे होतात, याचे दर्शन ५ एप्रिल २०२० च्या रात्री घडले. पंतप्रधानांच्या आवाहनावरून त्या रात्री नऊ वाजता देशातील घरांनी नऊ मिनिटे दिवे मालविले. पंखे, रेफ्रिजरेटर, रस्त्यावरचे दिवे चालूच होते. एवढ्यानेच देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॅटने उतरली. अंदाज त्याच्या निम्म्याहूनही कमी होता. जलविद्युत केंद्रांनी निर्मिती झपाट्याने खाली आणली आणि पुन्हा वर नेली, म्हणून जाळे सावरले. हातभर अंतरावरील एक बटण क्षुल्लक वाटते; तशी कोट्यवधी बटणे एका घटकेला दाबली गेली की ती सह्याद्रीएवढी होतात.

पुढची संध्याकाळ

आज दिव्याचा प्रश्न पुष्कळसा सुटला आहे. आता त्याच्या जागी खोली थंड करणारे यंत्र आले आहे. देशाची कमाल मागणी २०१४-१५ मध्ये दीड लाख मेगावॅटच्या आत होती. ३० मे २०२४ रोजी तिने अडीच लाखांचा आकडा गाठला. ही उपाशी असलेली गरज आहे, आणि उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यात ज्याने रात्र काढली आहे तो तिला चैन म्हणणार नाही. जेव्हन्सचा नियम येथे लागू पडणार, यंत्रे स्वस्त आणि चांगली झाली की अधिक घरांत जाणार, हे गृहीत धरूनच चालले पाहिजे. म्हणूनच या यंत्रांवर २०१० पासून ताऱ्यांचे चिन्ह सक्तीचे झाले, आणि २०२० पासून ती कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात. दुपारी सूर्याची वीज मुबलक मिळते. सूर्य मावळला की ती जाते, आणि लोक घरी परततात ती हीच वेळ. एडिसनच्या काळचे दुखणे, नव्या वेषात, पुन्हा संध्याकाळीच उभे राहिले आहे.

तेव्हा आमच्या दोन प्रश्नांची उत्तरे, आम्हांस उमगली ती, अशी. घरगुती कार्यक्षमता देशाची एकंदर वीज आपोआप कमी करीत नाही; नियम, दर आणि आपली तृप्ती यांची जोड मिळाली तरच करते. पण टंचाईच्या घटकेला ती वाचली, तर ती दुसऱ्या कोणाच्या घरचा दिवा चालू ठेवते. आपण बिलाकडे पाहून वीज वाचवितो, त्यात गैर काही नाही. परंतु भारनियमनाच्या दिवसांत ज्या मुलीला कंदील पुसता येत नव्हता, तिचा प्रश्न बिलाचा नव्हता. संध्याकाळी साडेसातचा होता. कपडे धुण्याचे यंत्र, पाण्याचा पंप, गिझर ही कामे दुपारी किंवा रात्री उशिरा उरकणे, आणि नवे उपकरण घेताना किमतीबरोबर त्यावरचे तारे मोजणे, एवढे आपल्या हाती आहे.

धरण बांधणे आपल्यापैकी थोड्यांच्या वाट्याला येते. ताटे कमी असताना दुसऱ्या पंगतीला बसण्याची रीत मात्र प्रत्येक घराला ठाऊक आहे. तीच विजेच्या बाबतीत पाळावी, इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.